दूध पुरतंय ना?

बाळ दोन-तीन दिवसांचं झालं की एक रात्र अशी येते, की ते काही केल्या झोपत नाही. छातीशी घेतलं की चोखतं, पाच मिनिटांत डोळे मिटतं, पाळण्यात ठेवलं की पुन्हा रडतं. मग खोलीतलं कुणीतरी, बहुतेक वेळा अगदी मायेनं, म्हणतं, "हिला दूध पुरत नाही वाटतं." टाके दुखत असतात, झोप झालेली नसते, आणि अशा वेळी आईच्या मनात ते वाक्य घर करून बसतं. सकाळी कुणीतरी पावडरचा डबा घेऊन येतं.

आज मला तुम्हा घरातल्या सगळ्यांशी बोलायचंय ते या वाक्याबद्दल. अंगावर पाजणं लवकर सुटण्यामागे मला सगळ्यात जास्त वेळा हेच वाक्य सापडलंय, आणि बहुतेक वेळा ते खरं नसतं.

पहिले दोन-तीन दिवस दूध थोडंच येतं. ते घट्ट, पिवळसर असतं. त्याला चीक म्हणतात. एका वेळेला एखादा चमचा, कधी त्याहूनही कमी. पण त्या दिवसांत बाळाच्या पोटाला एका वेळी तेवढंच लागतं, आणि त्या चमचाभरात रोगाशी लढणारे घटक भरपूर असतात. खरं भरून दूध साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं. पहिलटकरीण असेल, सिझेरियन झालं असेल, तर आणखी एखादा दिवस लागू शकतो. तोवर बाळाचं वजन थोडं उतरतं, हेही ठरलेलंच. जन्माच्या वजनाच्या सात टक्क्यांपर्यंत उतरलं तर घाबरायचं कारण नाही. दहा टक्क्यांच्या जवळ गेलं, तर मात्र डॉक्टरांनी पाजणं समोर बसून बघायला हवं. बहुतेक बाळं दहा दिवस ते दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून काढतात.

म्हणजे तिसऱ्या रात्रीचं ते रडणं उपासमारीचं असेलच असं नाही. पुष्कळदा ते बाळ दूध मागवून घेत असतं. वारंवार चोखल्यानंच शरीराला निरोप जातो की आता जास्त बनवा. नेमक्या त्या रात्री वरचं दूध दिलं, तर बाळ तीन-चार तास गाढ झोपतं, घर सुटकेचा श्वास टाकतं, आणि तो निरोप मात्र जायचा राहतो. मग उद्या दूध खरोखरच कमी पडतं, परवा त्याहून कमी. जे म्हटलं ते खरं ठरल्यासारखं दिसतं.

एक आकडा मला फार खुपतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातली जवळजवळ ८९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं आढळलं. जन्मल्यावर तासाभरात आईच्या छातीशी लागलेली बाळं मात्र ४२ टक्क्यांच्या आसपास. बाळंतीण डॉक्टर-नर्सच्या देखरेखीखाली असताना हे होतंय. यात आईचा दोष कुठे आहे? तिला त्या तासात कुणीतरी शेजारी उभं राहून हात द्यायला हवा होता. म्हणून प्रसूतीला जाण्याआधीच डॉक्टरांना सांगून ठेवा, की बाळ-बाळंतीण ठीक असतील तर बाळाला लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवा. सिझेरियन असलं तरी हे मागता येतं.

आता दूध पुरतंय की नाही, हे ओळखायचं कसं? रडण्यावरून तर नाहीच. स्तन भरल्यासारखे वाटतात की नाही, यावरूनही नाही, कारण दीड-एक महिन्यानंतर ते बहुतेकींचे मऊ पडतात आणि दूध तेवढंच असतं. पंपानं किती निघालं यावरूनही नाही. बाळ नीट चोखत असेल तर पंपापेक्षा जास्त ओढतं. खात्रीचा हिशेब दुपट्यावर मिळतो. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा त्याहून जास्त वेळा भरपूर शू होत असेल, शू फिकी असेल, पहिली काळी चिकट शी जाऊन चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत ती पिवळी झाली असेल, आणि वजन काट्यावर चढत असेल, तर दूध पुरतंय. मग शेजारीण काहीही म्हणो. आणखी एक: दीडेक महिन्यानंतर अंगावर पिणारं एखादं बाळ चार-पाच दिवस शीच करत नाही. शी झाल्यावर मऊ असेल, पोट मऊ असेल, बाळ नीट पीत असेल, तर त्याला बद्धकोष्ठ समजून काहीबाही पाजू नका.

शू कमी असेल, वजन चढत नसेल, तर सगळ्यात आधी बघायचं ते बाळ छातीला लागलंय कसं. याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण 'दूध कमी आहे' म्हणून आलेल्या पुष्कळ जणींचं दूध कमी नसतं, बाळाच्या तोंडात फक्त बोंड असतं. बोंड चोखून दूध येत नाही. ते त्याच्या मागे, भोवतालच्या गडद भागाखाली असतं. तो भाग तोंडात जायला हवा.

समज, तुला उजव्या बाजूला पाजायचंय. बाळाला डाव्या हातावर घे. त्याची मान आणि खांदे तुझ्या डाव्या तळव्यात येऊ देत, डोक्याच्या मागून दाबू नकोस. डोकं दाबलं की बाळ उलट मागे ताठतं. त्याचं पोट तुझ्या पोटाला चिकटलेलं हवं. कान, खांदा, कंबर एका रेषेत. उताणं झोपून मान वळवून आपल्याला तरी पाणी पिता येतं का? मग उजव्या हातानं स्तनाला खालून आधार दे आणि अंगठा व बोटांमध्ये थोडा चपटा कर. वडापाव मोठा असला की आपण तो तोंडात जाईल असा दाबून धरतो, तसाच. बोटं गडद भागापासून दूर ठेव. पुष्कळ जणी पहिल्या दोन बोटांच्या कात्रीत बोंड धरतात, त्यानं नेमकी लागण्याची जागाच अडते.

बाळाचं नाक बोंडासमोर आण. बोंडानं त्याचा वरचा ओठ हलकेच चाळव आणि थांब. हे थांबणं फार महत्त्वाचं. ते जांभईएवढं मोठं तोंड उघडेल, त्या क्षणी बाळाला छातीकडे आण, हनुवटी आधी टेकव. छाती बाळाकडे ओढायला वाकू नकोस; पाठ धरेल आणि पकडही सुटेल. नीट लागलं असेल तर हनुवटी स्तनात रुतलेली दिसते, खालचा ओठ बाहेर दुमडलेला असतो, गाल फुगीर असतात, आणि गडद भाग बाळाच्या ओठांच्या वर जास्त, खाली कमी दिसतो. काही वेळानं चोखण्याची लय संथ होते आणि गिळल्याचा आवाज येतो. पहिल्या काही क्षणांनंतर दुखायचं थांबतं. दुखतच राहिलं तर सोसू नकोस. स्वच्छ करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकव, पकड सोडव, आणि पुन्हा लाव. चार वेळा लावावं लागलं तरी लाव. दोघांनाही शिकायचं असतं.

सिझेरियनच्या टाक्यांवर भार नको असेल तर कुशीवर झोपून पाज, किंवा बाळाचे पाय तुझ्या काखेखालून मागे जातील असं त्याला बाजूला धर. वाचून हे पुरतं कळणार नाही, बघावं लागतं. दवाखान्यात असतानाच नर्सला सांग, "मी लावते, तुम्ही बघा." घरी गेल्यावर आशाताई येतात, त्यांनाही हेच विचार. शहरांत आता स्तनपान समुपदेशकही भेटतात. त्यांच्याकडे जायला लाजू नकोस.

किती वेळा पाजायचं? चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, तेही घड्याळाकडे न बघता. बाळ तोंड वळवतं, जीभ काढतं, मूठ तोंडात घालतं, ही भुकेची खूण. रडणं सगळ्यात शेवटी येतं, आणि रडून लाल झालेलं बाळ नीट लागत नाही. त्याला आधी शांत करावं लागतं. पहिले काही आठवडे बाळ स्वतःहून उठलं नाही तर दिवसा दोन-अडीच तासांनी, रात्री तीन तासांनी उठवा. थोडी कावीळ असलेली बाळं झोपाळू असतात, आणि कमी प्यायली की कावीळ वाढते. रात्रीचं पाजणं टाळू नका. दूध बनवणारा संप्रेरक रात्री जास्त स्रवतो, त्यामुळे रात्रीचं पाजणं दिवसाचंही दूध राखतं.

संध्याकाळचं रडणं ही निराळीच गोष्ट. दोन-तीन आठवड्यांपासून पुष्कळ बाळं दिवेलागणीला कुरकुरायला लागतात, दर अर्ध्या तासाला छाती मागतात. दीड महिन्याच्या सुमारास हे सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत निवळतं. दिवसभर शू-शी नीट आहे, वजन चढतंय, मग संध्याकाळच्या रडण्याला दुधाशी जोडू नका.

दुखण्याबद्दल थोडं. बोंडाला चिरा पडल्या तर त्याचं मूळ बहुधा चुकीच्या पकडीत असतं. पकड सुधारली की चिरा भरतात, तोवर पाजून झाल्यावर स्वतःचंच दूध लावून वाळू दे. दूध उतरताना स्तन दगडासारखे होतात, बाळाला तोंडात धरता येत नाहीत. तेव्हा पाजण्याच्या आधी जरा वेळ कोमट फडकं ठेव, हातानं थोडं दूध काढून गडद भाग मऊ कर, मग बाळाला लाव. पाजून झाल्यावर गार फडकं. गाठ झाली म्हणून मालीशवालीकडून जोरानं चोळून घेऊ नकोस. आतली सूज वाढते. एखादा भाग लाल, गरम झाला, अंगात ताप भरला, हुडहुडी आली, तर त्या बाजूचं पाजणं थांबवायचं नाही. विश्रांती आणि गार शेकानं दिवसभरात उतार पडला नाही, किंवा अगदीच बरं वाटेनासं झालं, तर डॉक्टरांकडे जा. पाजताना चालणारी प्रतिजैविकं आहेत.

आता आजी, तुमच्याशी. तुमचे डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, खारीक-खोबरं, बाजरीची भाकरी, सगळं चालू ठेवा. पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या बाईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद सांगते. अळिवात लोह आहे, आणि बाळंतपणात रक्त गेलेलं असतं. पण लाडवावर भागवून वरण, उसळ, अंडं, पालेभाजी, फळं बंद करू नका. 'बाळाला सर्दी होईल' म्हणून केळं-दही तोडू नका. पाणी तर मुळीच तोडू नका. तिला तहान लागेल तेवढं पिऊ द्या. पाजायला बसली की तांब्या-भांडं हाताशी ठेवा, एवढ्यानंही तिला फार बरं वाटतं.

आणि गुटी. सहाणेवर उगाळलेली बाळगुटी, जिभेवर मधाचं बोट, उन्हाळा म्हणून दोन चमचे पाणी, ग्राइप वॉटर, हे तुमच्या हातून मायेनंच होतं, याबद्दल मला शंका नाही. तरीही सहा महिन्यांपर्यंत ते नको. सहाण, पाणी, मुळ्या यांतून जुलाबाचे जंतू जातात. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातून क्वचित का होईना पण जिवावर बेतणारा आजार होतो. विदर्भातल्या मे महिन्यातही अंगावर पिणाऱ्या बाळाला वेगळं पाणी लागत नाही, कारण आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. ऊन वाढलं की ते जास्त वेळा पितं, तेवढं पिऊ द्यायचं. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र रोज द्यायचे. आणि तिच्यासमोर, शेजारणीसमोर, फोनवर, 'हिला दूध नाही' हे शब्द कृपा करून उच्चारू नका. आईच्या मनावर ताण आला की पान्हा अडतो. दूध असतं, पण सुटत नाही. तुमच्या एका 'होईल गं सगळं'ची तिला या दिवसांत किती गरज असते, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

बाळाच्या बाबा, तू दाराशी उभा राहून बघत असतोस हे मला माहीत आहे. पाजणं तुला येणार नाही, बाकी सगळं येतं. रात्री बाळाला उचलून तिच्यापाशी आण, पिऊन झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढ, दुपटं बदल. दोन पाजण्यांच्या मधे ती सलग झोपेल असं दिवसातून एकदा तरी जमव. बघायला येणारे नातेवाईक तिच्या पाजण्याच्या वेळी खोलीत बसून राहिले तर त्यांना बाहेर चहाला न्यायचं काम तुझं. ती माहेरी असेल तर रोज फोन करताना 'वजन किती झालं' एवढंच विचारू नकोस. ती जेवली का, झोपली का, हेही विचार.

खरोखरच दूध कमी असणाऱ्या आया असतात. थोड्या असतात, पण असतात, आणि त्यांच्यावर 'प्रयत्न केला नाहीस' असा ठपका ठेवणं मला क्रूर वाटतं. बाळंतपणात खूप रक्त गेलं, वारेचा तुकडा आत राहिला, थायरॉईडचा त्रास आहे, स्तनाची शस्त्रक्रिया झालीय, स्तनात दूध बनवणाऱ्या पेशीच अपुऱ्या वाढल्यात, अशी कारणं असतात. काहींवर उपचार आहेत, म्हणून तपासणी हवी. बाळ फार लवकर जन्मलं असेल आणि चोखू शकत नसेल, तर आईनं दिवसातून आठेक वेळा हातानं किंवा पंपानं दूध काढायचं, ते नळीनं, वाटी-चमच्यानं नाहीतर बोंडल्यानं द्यायचं. आईचं दूध मिळणं शक्य नसेल तर काही मोठ्या रुग्णालयांत दुग्धपेढी असते. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये अशी पेढी सुरू केली. ती आशियातली पहिली. तिथं इतर आयांनी दिलेलं दूध निर्जंतुक करून अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिलं जातं.

आणि डॉक्टरांनी तपासून वरचं दूध द्यायला सांगितलंच, तर मान खाली घालून देऊ नका. आधी छातीशी घ्या, मग लागेल तेवढं वरचं द्या. उकळलेलं पाणी, डब्यावर लिहिलेलं माप. महाग पडतं म्हणून पातळ करू नका, बाळाचं वजन अडतं. बाटलीपेक्षा वाटी-चमचा धुवायला सोपा. पण दवाखान्यात कुणी फुकट डबा हातात ठेवला तर घेऊ नका. १९९२ च्या कायद्यानं अशा फुकट नमुन्यांना आणि बाळदुधाच्या जाहिरातींना बंदी आहे.

कामावर जाणाऱ्या आईची काळजी मला सगळ्यात जास्त वाटते, कारण तिचं दूध बहुतेक वेळा वेळापत्रकापायी आटतं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात पाजण्यासाठी दोन सुट्ट्या आहेत. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघर हवं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाता यायला हवं. रजेचा अर्ज करतानाच हे लेखी विचारून घे. मात्र ऊसतोडीला जाणारी, धुणीभांडी करणारी, बांधकामावरची बाई या कायद्याबाहेरच राहते. तिला महिन्या-दीड महिन्यात कामावर उभं राहावं लागतं. तिला पंप परवडत नाही, पण हातानं दूध काढता येतं, आणि ते प्रत्येकीनं शिकून घ्यावं. हात धुवायचे, अंगठा आणि बोटं गडद भागाच्या कडेला ठेवायची, आधी छातीच्या दिशेनं मागे दाबायची, मग एकमेकांकडे. जागा बदलत राहायचं, बोंड ओढायचं नाही. झाकणाच्या स्वच्छ स्टीलच्या भांड्यात काढलेलं दूध घरात तीन-चार तास टिकतं. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत त्याहून लवकर वापरावं. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ठेवलं तर चार दिवस. देताना वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं, उकळायचं नाही. कामावरून आल्या आल्या आणि रात्रभर अंगावर पाजत राहिलं, तर दूध टिकतं. रजा संपायच्या दोन आठवडे आधीपासून घरातल्या दुसऱ्या माणसानं वाटी-चमच्यानं पाजायची सवय करावी. आईच्या मांडीवर असताना बाळ वाटीतलं घेत नाही.

सहा महिने पूर्ण झाले की उष्टावण करा आणि मऊ वरणभात, नाचणी, कुस्करलेलं केळं, भाज्या सुरू करा. वरणाचं नुसतं पाणी देऊन चालत नाही. अंगावरचं दोन वर्षांपर्यंत आणि दोघांना हवं असेल तर पुढेही चालू द्या. 'पाजतेय, म्हणून दिवस राहणार नाहीत' यावर मात्र विसंबू नका. ते फक्त पहिल्या सहा महिन्यांत, बाळ पूर्णपणे अंगावर असताना आणि पाळी परत आलेली नसतानाच खरं ठरतं. यातलं एक जरी बदललं, की दुसरा उपाय हवा.

आणखी एक गोष्ट तुला एकटीला सांगते. बाळंतपणानंतर काही दिवस उगाच रडू येतं, ते येऊ दे. पण दोन आठवडे उलटले तरी मन वर येत नसेल, बाळाकडे बघून काही वाटत नसेल, बाळ झोपलं तरी तुला झोप येत नसेल, नको नको ते विचार येत असतील, तर ते दुधाचं अपयश समजून गप्प बसू नकोस. हा आजार आहे आणि बरा होतो. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असा विचार मनात आला, तर त्याच दिवशी घरच्यांना सांग आणि दवाखान्यात जा, एकटी राहू नकोस. औषध घेतलं तर दूध तोडावं लागेल या भीतीनं पुष्कळ जणी डॉक्टरांकडे जातच नाहीत. अंगावर पाजताना घेता येतील अशी औषधं आहेत. जाताना डॉक्टरांना एवढंच आधी सांग, की मी बाळाला पाजते आणि मला पाजत राहायचंय.